बैठक उठल्यावर

रेडिओताई बोलत नाहीत, असा शेरा त्या वर्षी त्यांच्या वाट्याला आला, आणि अर्ध्या कारखान्याला वाटलं की चुकून दुसऱ्याच कुणाचा शेरा त्यांना वाचून दाखवला असणार.

ताईंना ‘रेडिओ’ हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. सकाळी फाटकातून आत शिरल्या की त्यांचं केंद्र सुरू व्हायचं, ते संध्याकाळी कंपनीची बस सुटेपर्यंत. पहारेकऱ्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय, रंगकामाच्या खोलीतला पंखा का बंद आहे, कोण कुणाशी का बोलत नाही, सगळं त्यांच्याकडे ताजं मिळे. तोंडाबरोबर त्यांचे हातही चालत, हे मात्र कबूल केलं पाहिजे. त्या कारखान्यात दवाखान्याच्या खाटा बनत; चाकांच्या, कठड्यांच्या, बटण दाबलं की डोक्याकडून वर उठणाऱ्या. ताई होत्या शेवटच्या तपासणी विभागाच्या मुख्य. नवा नमुना आला की त्या स्वतः त्याच्यावर आडव्या होत, या कुशीवरून त्या कुशीवर वळत, कण्हत, उठून बसत, आणि हे सगळं करताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाला घरची हकिगत सांगत. त्यांच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, “आमच्या सूनबाईंना झोपायचा पगार मिळतो.”

तर अशा बाईंवर न बोलण्याचा ठपका. ठेवला तो सरळबाईंनी.

कारखाना एका परदेशी कंपनीने विकत घेतला तेव्हा तिथल्या थंड मुलखातून या बाई प्रमुख म्हणून आल्या. उंच, ताठ, चालणं सरळ आणि बोलणं त्याहून सरळ, म्हणून हे नाव. ते ठेवलं पानेदादांनी, म्हणजे खिशात कायम पाना बाळगणाऱ्या जुन्या फिटरांनी. सरळबाई वाईट नव्हत्या. कुणाला पाठीमागे नावं ठेवत नव्हत्या, कारण जी ठेवायची ती तोंडावर ठेवून मोकळ्या होत. दुपारी काचेच्या खोलीत एक केळं खात, टेबलावरच्या म्हाताऱ्या बाईच्या फोटोकडे बघत आईला फोन लावत. भाषा कळत नसली तरी काचेतून सगळं दिसे. चार वाक्यं, एक मान हलवणं, फोन खाली. ताईंना ते बघून कसंतरीच व्हायचं. आईशी एवढंसं बोलायचं तर फोन तरी कशाला करायचा?

वर्षाच्या आढाव्याला सरळबाईंनी ताईंना समोर बसवलं आणि कारखान्यातल्या समाईक मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक घाव दोन तुकडे केले. “तुमचं काम उत्तम आहे. पण बैठकीत तुम्ही बोलत नाही. विभागाची मुख्य बोलली नाही तर चुका मला कळणार कशा? पुढचे तीन महिने मी बघेन. तेव्हाही हेच असेल तर मुख्य म्हणून दुसरं कुणीतरी नेमावं लागेल. तुम्ही विभागात राहाल, पण मुख्य म्हणून नाही. काही विचारायचंय?”

“नाही,” ताई म्हणाल्या. मग बाहेर येऊन जिन्यात पानेदादांना गाठलं आणि चहाची सुट्टी संपेपर्यंत बोलत राहिल्या.

घरी हे सांगितल्यावर यजमान एवढे हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. ते शाळेची बस चालवत. दिवसभर गाडीभर पोरांचा कालवा ऐकून आल्यावर त्यांची एकच इच्छा असे, ती म्हणजे शांतता, आणि लग्न झाल्यापासून ती पुरी झाली नव्हती.

“अहो, हसताय काय? माझं पद चाललंय.”

“पदाचं बघू गं. आधी त्या बाईंना एवढं विचारून ये, की त्यांनी तुला गप्प कसं बसवलं.”

“गप्प बसले म्हणूनच तर शेरा आला ना.”

सासूबाई कोपऱ्यात शेंगा सोलत होत्या. त्यांना कमी ऐकू येई, पण नको ते बरोबर ऐकू येई. “असा शेरा लिहून दिलाय का त्यांनी?” त्यांनी विचारलं. “दिला असेल तर घेऊन ये. भिंतीवर लावू.”

चेष्टा झाली, जेवणं झाली, पण ताईंच्या मनातून ते जाईना. त्या या कारखान्यात खोकी बांधायला लागल्या होत्या. तपासणीचा माणूस एकदा आजारी पडला आणि ‘जरा आडव्या होऊन बघा’ म्हणून त्यांना खाटेवर चढवलं, तिथून त्यांचं नशीब उघडलं. पुढे मुख्य झाल्या, दारावर पाटी लागली. त्या पाटीखाली उभं राहून सासूबाईंनी फोटो काढून घेतला होता, आणि तो अजून त्यांच्या उशाशी असे. तो तिथून कुणाच्या हाताने काढायचा, याच विचाराने ताईंचा जीव खालीवर होत होता.

आता प्रश्न असा, की दिवसभर बोलणारी बाई बैठकीत तोंड का उघडत नव्हती. तर बैठकीत कुणीच उघडत नव्हतं. बैठक ही बसायची गोष्ट आहे, बोलायचं ते उठल्यावर, असा त्या कारखान्याचा जुना रिवाज होता. जुने मालक टेबलापाशी दोन-चार गोड गोष्टी सांगत, सगळे माना डोलवत, चहा होई. मग मालक उठून दाराशी जात आणि कडीवर हात ठेवून तिथेच रेंगाळत. हातातल्या किल्ल्या वाजवत, पायातल्या बुटाकडे बघत. तेव्हा एकेक जण जवळ सरकायचा. “तसं काही नाही मालक, पण त्या नव्या वेल्डिंगचं जरा बघायला हवं.” यातलं ‘तसं काही नाही’ ऐकलं की मालकांचे कान टवकारत. कोण चुकलं, काय मोडलं, कुठे आग लागायची बाकी आहे, सगळं त्या उंबऱ्यावर कळे, कुणाचा चारचौघांत पाणउतारा न होता. पाहुणासुद्धा कामाचं बोलतो ते चपला पायात घातल्यावरच. निम्म्या घरांची लग्नं अशीच दारात जमलेली असतात.

सरळबाईंना हे कोण सांगणार? त्या घड्याळ बघून बैठक सुरू करत, घड्याळ बघून संपवत, लॅपटॉप मिटत आणि सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पडत. बोलणं ओठांवर आलेली माणसं रिकाम्या दाराकडे बघत राहत. त्यामुळे सरळबाई टेबलाशी विचारत, “काही अडचण?” आणि समोर अळीमिळी गुपचिळी. दोन वर्षं त्या अडचणी अशा साठत होत्या आणि बाईंना वाटत होतं, कारखाना कसा सुतासारखा सरळ चाललाय.

ताईंनी ठरवलं, शिकायचं. सरळ बोलणं म्हणजे काय पोहणं आहे, घरीच शिकू. आणि त्याच रविवारी नणंदबाई नव्या पडद्यांचा फोटो घेऊन आल्या.

“कसे वाटतात, वहिनी?”

एरवी ताईंनी आधी कापडाचा पोत विचारला असता, शिलाईचं कौतुक केलं असतं, आणि जाता जाता “उन्हाने रंग थोडा उतरला की जास्तच शोभतील” असं म्हटलं असतं. त्या दिवशी त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, “रंग चांगला नाही. खोली अंधारी दिसते.”

नणंदबाईंचा चहाचा कप हवेतच राहिला. यजमान उठून गाडीचं काहीतरी बघायला गेले. गाडी सर्व्हिसिंगला दिलेली होती, पण ते गेले. सासूबाई मात्र आयुष्यात प्रथमच सुनेकडे आदराने बघत होत्या. त्यांनाही ते पडदे मुळीच आवडले नव्हते. पुढचे पंधरा दिवस नणंदबाईंनी फोन केला नाही. ताईंना वाईट वाटलं, पण शिकण्याची फी म्हणून त्यांनी ते सोसलं.

मग आली ती बैठक. नव्या खाटेचा पहिला नमुना तपासून झाला होता. तिचं चित्र, मापं, सगळं तयार होई कंपनीच्या तिसऱ्याच देशातल्या कचेरीत. तिथला आराखडे काढणारा माणूस ताईंच्या विभागात ‘नकाशेवाले’ म्हणून ओळखला जाई. बैठकीला तो पडद्यावर दिसे. गोल चष्मा, हळू आवाज, मागे खिडकीत एक रोपटं. त्याच्या शेजारी बसत त्याचे वरिष्ठ, पांढऱ्या केसांचे, टाय बांधलेले, कमी बोलणारे. त्यांना इकडे सगळे ‘आजोबासाहेब’ म्हणत. ते बोलल्याशिवाय नकाशेवाले बोलत नसत, आणि ते बहुतेक वेळा बोलतच नसत.

“काही अडचण?” सरळबाईंनी विचारलं.

ताईंनी टेबलाखाली मूठ आवळली. “आहे. कठड्याचा खटका चुकलाय. रुग्ण कुशीवर वळला की त्याचं कोपर खटक्यावर पडतं आणि कठडा खाली येतो. मी स्वतः झोपून बघितलं. दोनदा पडता पडता वाचले. आराखडाच चुकलाय.”

पानेदादांनी खिशातला पाना घट्ट धरला. पडद्यावर नकाशेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. आजोबासाहेब समोरच्या कागदाकडे बघत राहिले. बऱ्याच वेळाने नकाशेवाले म्हणाले, “आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार. आम्ही अभ्यास करू.”

“छान,” सरळबाई म्हणाल्या. लॅपटॉप मिटला. जाता जाता ताईंकडे बघून म्हणाल्या, “हे मला हवं होतं. असंच चालू ठेवा, पुन्हा तो शेरा येणार नाही.”

ताई तरंगत घरी गेल्या. पद वाचलं. सासूबाईंच्या उशाशी फोटो होता तिथेच राहणार होता. यजमानांनी त्या दिवशी आपणहून त्यांना सगळी हकिगत पुन्हा सांगायला लावली, एवढा आनंद होता.

पण आठवडा गेला, दुसरा गेला, आराखडा काही बदलून येईना. विचारलं की उत्तर येई, ‘अभ्यास चालू आहे.’ सरळबाई समाधानी होत्या. अभ्यास चालू आहे म्हणजे चालू असणार. ताईंचा एक भाचा होता, त्याचाही अभ्यास कित्येक वर्षं चालू होता. त्यामुळे त्यांना या वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला नाही. नकाशेवाले ताकास तूर लागू देत नव्हते, आणि तिकडे जुन्याच खटक्याने मोठं काम सुरू व्हायची तारीख जवळ येत होती. नमुन्याच्या खाटेवर पडून ताई कोपर पुन्हा पुन्हा टेकवून बघत. कठडा पुन्हा पुन्हा खाली येई. आपलं कोपर शाबूत आहे, आपण उतरून घरी जातो. इथे उद्या जो झोपेल त्याचं काय?

त्यांनी एका दुपारी नकाशेवाल्यांना एकटंच गाठायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत बैठकीच्या खोलीतला पडदा सुरू केला. तिकडेही कुणी नव्हतं, फक्त ते आणि त्यांचं रोपटं.

ताईंनी रोपट्यापासून सुरुवात केली. त्याला ऊन मिळतं का, पाणी कोण घालतं, आपल्याकडचं एक कसं पाण्यानेच मेलं. नकाशेवाले हसले, चार शब्द बोलले, मग थांबले. ताईंनी लगेच पुढचं सुरू केलं. ते पुन्हा काही बोलायला गेले, थांबले, ताई पुन्हा सुरू. असं तीन-चारदा झाल्यावर ताईंच्या ध्यानात आलं, की हा माणूस थांबतो तेव्हा त्याचं बोलणं संपलेलं नसतं, ते आतून वर येत असतं. आणि ते वर आलं की आपण त्याच्यावर बादली ओततो. इकडे जशी कामाची गोष्ट दाराशी निघते, तशी तिकडे ती गप्प बसण्यात निघत असावी.

आता रेडिओताईंना गप्प बसायचं होतं. हे पडद्यांपेक्षा अवघड निघालं. त्यांनी टेबलाच्या खणातून पेपरमिंटची गोळी काढली, तोंडात टाकली आणि ओठ मिटले. गोळी जिभेवर फिरत होती, समोर रोपट्याचं पान हलत होतं, ताईंचे कान लाल झाले होते. गोळी अर्धी झाली तेव्हा नकाशेवाले म्हणाले, “तो खटका माझ्या साहेबांनी तरुणपणी स्वतः काढलेला आहे. सगळ्या खाटांना तोच लागतो; या नव्या खाटेत मात्र तो नेमका कोपराखाली आलाय. त्यांना त्याचा अभिमान आहे.”

ताईंनी गोळी गालात सरकवली.

“मला माहीत होतं,” ते आणखी हळू म्हणाले. “म्हणून तर मी नमुन्याबरोबर तुम्हाला लिहिलं होतं, की कठडा निरनिराळ्या तऱ्हेने वापरून बघितलात तर आभारी राहीन.”

ताईंच्या अंगावर काटा आला. तो मजकूर त्यांनी वाचला होता, आणि किती सभ्य माणूस आहे असं म्हणून पुढे गेल्या होत्या. लोकांच्या ‘तसं काही नाही’मधून आख्खी रामकहाणी ओळखणाऱ्या बाईंना या माणसाने दाराशी गाठून सांगितलं होतं, आणि त्यांनीच लॅपटॉप मिटला होता. वर त्यालाच त्याच्या साहेबांसमोर उघडा पाडला. सरळबाईंना हसता हसता त्या स्वतःच सरळबाई झाल्या होत्या, तेही अर्ध्या कच्च्या.

“माझं चुकलं,” ताई म्हणाल्या. हे मात्र त्यांना सरळच सांगावंसं वाटलं.

पुढे काय करायचं ते दोघांनी मिळून ठरवलं. पण ते करायला सरळबाई लागणार होत्या. आणि त्यांच्याकडे जायचं म्हणजे मागच्या बैठकीत ज्याबद्दल शाबासकी मिळाली, त्यानेच काम अडलं, असं तोंडाने सांगायचं. वाचलेलं पद आपणच ताटात घालून परत द्यायचं. ताईंनी रात्री जेवताना हे घरी मांडलं.

यजमान म्हणाले, “राहू दे की. तू बोललीस, तुझं काम झालं.”

सासूबाईंनी घास खाली ठेवला. “मला कुणी उद्या त्या खाटेवर झोपवलं म्हणजे?” त्या म्हणाल्या. “माझं कोपर बघितलंयस का कसं आहे ते?” आणि बाही वर करून त्यांनी ते टोकदार कोपर सुनेच्या ताटासमोर धरलं.

दुसऱ्या दिवशी बैठक संपली, लॅपटॉप मिटला, सरळबाई उठल्या. पण दारात ताई उभ्या होत्या, दोन्ही बाजूंना हात टेकवून. बाकीचे आत अडकले होते आणि कुणालाही बाहेर पडायची घाई दिसत नव्हती.

“तुम्हाला काही हवंय?” सरळबाईंनी विचारलं.

“बोलायचंय. इथेच, दारात.” ताईंनी हात चौकटीवर आणखी घट्ट रोवले. “बाई, तुम्ही बैठकीत बोला म्हणालात, मी बोलले, आणि काम मोडलं. त्या माणसाच्या साहेबांचा तो खटका आहे. त्यांच्यासमोर मी तो चुकला म्हटलं. आता तो आराखडा कधीच बदलणार नाही. अभ्यास वगैरे काही चालू नाहीये.”

सरळबाई म्हणाल्या, “हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?”

“सगळे सांगतात,” ताई म्हणाल्या. “बैठक उठल्यावर सांगतात. तुम्ही तोवर गेलेल्या असता.”

पानेदादांनी मागून हलकेच मान डोलावली. सरळबाईंनी वळून सगळ्यांकडे पाहिलं, आणि सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं. बाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आता आपली पाटी गेली, ताईंच्या मनात आलं, सासूबाईंना काय सांगायचं? पण सरळबाईंनी हातातला लॅपटॉप पुन्हा टेबलावर ठेवला. “मला दोन वर्षं हे कळलं नाही,” त्या म्हणाल्या. “बरं झालं सांगितलंत. आता काय करायचं?” बस, एवढंच. रुसवा नाही, टोमणा नाही. या बाईंना काहीही सांगता येतं आणि त्या ते मनात धरून बसत नाहीत, हे ताईंना तेव्हा उमगलं. नणंदबाईंकडून असं एकदा तरी झालं असतं तर!

ताईंनी योजना सांगितली. आजोबासाहेबांना विनंती करायची, की रुग्णाने कुशीवर कसं वळावं ते आपण खाटेवर झोपून दाखवाल का, म्हणजे आम्ही तसं सगळ्यांना शिकवू. तिकडेही एक नमुना होताच.

“पण हे खोटं नाही का?” सरळबाईंच्या कपाळावर आठी आली. “आपल्याला चूक माहीत आहे आणि आपण ती लपवतोय.”

“खोटं कुठे? खाट खरी, कोपर खरं, पडणारा कठडा खरा. फक्त सांगायचं काम आपल्याऐवजी खाट करेल. आमच्याकडे सासवा म्हणे लेकीला बोलतात आणि सुनेला लागतं. हे तसंच, जरा मायेने.”

सरळबाईंना सासवांचं प्रकरण कितपत कळलं कोण जाणे, पण त्या तयार झाल्या. त्यांच्यावर जबाबदारी एकच होती, गप्प बसण्याची. ताईंनी त्यांनाही एक पेपरमिंट दिली.

ठरल्या दिवशी पडद्यावर खाट आली. आजोबासाहेबांनी विनंती मानाने स्वीकारली. बूट काढून शेजारी शेजारी नीट ठेवले, टाय सरळ केला आणि आडवे झाले. एकदा उताणे, मग हळूहळू कुशीवर. कोपर टेकलं. कठडा खाड्कन खाली आला.

इकडे सरळबाईंचा जबडा हलत होता, त्या गोळी चावून खात होत्या. ताईंची जीभ टाळ्याला चिकटली होती. आजोबासाहेबांनी कठडा वर केला, पुन्हा वळले, पुन्हा खाड्कन. मग ते नुसतेच पडून राहिले, छताकडे बघत. ते गप्प बसणं फार लांबलं. सरळबाईंनी एकदा तोंड उघडलं, ताईंनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला. प्रमुखांच्या पायावर पाय ठेवणाऱ्या त्या कारखान्यात ताई पहिल्याच.

“हा खटका मी काढला तेव्हा,” आजोबासाहेब पडल्या पडल्या म्हणाले, “माझं कोपर एवढं टोकदार नव्हतं.”

आणि ते स्वतःच हसायला लागले. मग सगळेच हसले, तिकडचे आणि इकडचे, पानेदादा तर डोळे पुसायला लागले. “तुझ्याकडे काही दुसरा विचार आहे का?” त्यांनी नकाशेवाल्यांना विचारलं. नकाशेवाल्यांनी मान लववली आणि टेबलाच्या खणातून घडी घातलेला आराखडा काढला. त्या घडीच्या कडा मऊ झाल्या होत्या. तो बरेच दिवस तयार असावा. वर बघताना त्यांची नजर ताईंवर थांबली. काही बोलले नाहीत, आणि ताईंना ते पुरं कळलं.

बैठक संपली. सरळबाईंनी लॅपटॉप मिटला, दाराशी गेल्या आणि थांबल्या. कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना रेंगाळता येत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारख्या त्या ताठ उभ्या होत्या. पण थांबल्या. सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी पानेदादा पुढे सरकले. “तसं काही नाही, बाई,” ते म्हणाले, “पण रंगकामाच्या खोलीतल्या पंख्याचं जरा बघायला हवं.” मग दुसरा आला, मग तिसरा. दोन वर्षांचं साठलेलं एकेक करून त्या दारातून बाहेर पडलं.

सगळ्यांत शेवटी ताई उरल्या.

“मुख्यपद तुमचंच आहे,” सरळबाई म्हणाल्या. “हे मी टेबलाशी सांगायला हवं होतं, विसरले.”

“दारात सांगितलेलं जास्त टिकतं,” ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. त्या निघाल्या, पण सरळबाई कडीवरचा हात काढेनात. बुटाकडे बघत होत्या. ताईंनी खिशात गोळी चाचपली, ती संपली होती. तरी त्या गप्प उभ्या राहिल्या.

“माझी आई,” सरळबाई म्हणाल्या. “ती एकटी असते. मी रोज फोन करते. औषध घे, जेव, दार नीट लाव, सगळं सांगते. ती ‘बरं’ म्हणते. दुसरं काहीच बोलत नाही. मला वाटायचं, तिला काही अडचण नाही.” त्या थांबल्या. “तिच्याशी मी कसं बोलू?”

ताईंना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांच्याकडे या विषयावर दिवसभर पुरेल एवढं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं, “सगळं बोलून झालं, ठेवते म्हणालात ना, की ठेवू नका. थोडा वेळ तशाच थांबा.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई नव्या खाटेवर आडव्या झाल्या होत्या. तिथून काचेची खोली दिसे. सरळबाईंनी केळं सोललं, फोन लावला, चार वाक्यं बोलल्या, मान हलवली. मग फोन कानाशी धरून तशाच बसून राहिल्या, ओठ घट्ट मिटून. बराच वेळ काहीच घडलं नाही. पानेदादांनी ताईंना काहीतरी विचारलं, ताईंनी हातानेच त्यांना गप्प केलं.

मग सरळबाई हळूच खुर्चीत मागे रेलल्या. पलीकडून कुणीतरी बोलत होतं, आणि थांबत नव्हतं. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. सरळबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, ते मनगटावरून काढलं आणि टेबलावर उपडं ठेवलं. टेबलावरचं केळं तसंच अर्धं राहिलं होतं.